सिक्वेन्स डायग्राम : न आलेल्या बाणाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इलेक्ट्रिक बसच्या डेपो चार्जरच्या प्रकल्पात तुम्ही मेकॅनिकल विभागातून सिस्टिम्स टीममध्ये आलात. यंत्रणेचे भाग आणि त्यांच्या जोडण्या दाखवणारे ब्लॉक डायग्राम जमले. मग बस आणि चार्जर यांच्यातल्या संवादाचा सिक्वेन्स डायग्राम काढला, म्हणजे कोण कुणाला कोणता मेसेज केव्हा पाठवतो ते बाणांनी दाखवणारी आकृती. तिच्यात प्रत्येक घटकाची एक उभी रेषा, म्हणजे लाइफलाइन, असते; तुमचा डायग्राम २६ लाइफलाइनचा झाला. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यानंतर कुणी तो उघडूनही पाहिला नाही. असा डायग्राम केव्हा काढावा, किती खोलात जावं, आणि त्याचा खरा उपयोग काय, हे तुम्ही विचारलंय.

सगळ्यांनी माना डोलावल्या, हीच मला अडचण वाटते. जे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं तेच कागदावर आलं, असा त्याचा अर्थ. चांगल्या सिक्वेन्स डायग्रामवर वाद होतात. ‘इथे चार्जर थांबून राहतो का?’, ‘किती वेळ?’, ‘उत्तर आलंच नाही तर?’ हे तीन प्रश्न निघाले की समजावं, आकृती कामाला लागली. मी सिग्नलिंगच्या कामात आणि नंतर वैद्यकीय उपकरणांच्या कामात बरीच वर्षं ही आकृती वापरतोय. माझ्या अनुभवात तिचा सगळ्यात मोठा उपयोग आलेल्या बाणांपेक्षा न आलेल्या बाणांचा विचार करायला होतो.

चार्जरकडे शेवटी येतो. आधी रेल्वेच्या फाटकाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात माणसं, यंत्रं, वेळ आणि जीव, चारही गोष्टी आहेत आणि ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

सिग्नलशी न जोडलेलं, म्हणजे नॉन-इंटरलॉक्ड, पण गेटमन असलेलं फाटक घ्या. स्टेशन मास्तर गाडी सोडण्याआधी गेटमनला फोन करतात: अमुक गाडी येतेय, फाटक बंद करा. गेटमन फाटक बंद करून कुलूप लावतो, मग फोनवर एक प्रायव्हेट नंबर सांगतो. हा नंबर त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला असतो, क्रमाने न येणारा. एकदा वापरला की त्यावर काट मारायची. स्टेशन मास्तर तो वेळेसह रजिस्टरमध्ये लिहितात आणि मगच गाडी सोडायची तयारी करतात.

आता हे काढा. चार लाइफलाइन पुरतात: स्टेशन मास्तर, गेटमन, फाटक, गाडी. बाण मोजून सहा-सात. वरवर पाहता काहीच विशेष नाही. पण प्रत्येक बाणावर बोट ठेवून ‘हा आला नाही तर?’ असं विचारत खाली या.

फोन लागलाच नाही. नंबर नाही, गाडी सुटत नाही. ठीक. फोन लागला, गेटमनने फाटक बंद केलं, पण नंबर सांगताना लाइन तुटली. आता गेटमनच्या मते काम झालं, स्टेशन मास्तरांच्या मते झालेलं नाही. दोघांच्या डोक्यात वेगवेगळं चित्र आहे. तरीही परिणाम काय? फाटक बंद, रस्त्यावर गाड्यांची रांग, लोक वैतागलेले, पण रेल्वेगाडी स्टेशनातच. उशीर होतो, अपघात होत नाही. ही रचना करणाऱ्यांनी प्रत्येक हरवलेल्या बाणाचं टोक सुरक्षित बाजूला नेऊन बांधलंय.

आणि तो नंबर कशासाठी? ‘हो, बंद केलं’ एवढं सांगणं पुरेसं नव्हतं का? नव्हतं. ‘हो’ हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं. मागच्या गाडीच्या वेळचं ‘हो’ या गाडीसाठी धरलं जाऊ शकतं. घाईत समोरच्याने बोलायच्या आधीच ‘झालं असेल’ म्हणून रजिस्टर भरलं जाऊ शकतं. नंबर मात्र समोरच्याने सांगितल्याशिवाय कळूच शकत नाही आणि वापरलेला पुन्हा चालत नाही. नेटवर्कमधला अभियंता ज्याला सिक्वेन्स नंबर म्हणेल, तीच जातकुळी. फोन आणि रजिस्टर एवढ्यावर उभी असलेली ही शिस्त मला आजही फार सुंदर वाटते.

हे मी नुसतं कौतुक म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत विजेवर चालणाऱ्या फाटकाच्या नियंत्रकाचं काम होतं. डायग्राम मीच काढला होता: नियंत्रक ‘बंद कर’ सांगतो, फाटकाचं युनिट ‘बंद झालं’ कळवतं, सिग्नल सुटतो. सगळे बाण पट्टीने आखल्यासारखे आडवे. टेबलावरच्या चाचणीत आम्ही मुद्दाम संपर्क मंद केला. पहिली ‘बंद कर’ आज्ञा गेली, उत्तर यायला उशीर झाला, नियंत्रकाने ती आज्ञा रद्द केली, फाटक पुन्हा उघडायला लागलं. मग दुसरी ‘बंद कर’ गेली आणि त्याच क्षणी पहिल्या आज्ञेचं रेंगाळलेलं ‘बंद झालं’ येऊन पोहोचलं. नियंत्रकाने ते दुसऱ्या आज्ञेचं उत्तर मानलं. फाटकाची दांडी अजून उभी आणि सिग्नल हिरवा. टेबलावरचा दिवाच होता तो, पण माझ्या पोटात गोळा आला.

सल्लागार म्हणून येणारे एक निवृत्त स्टेशन मास्तर त्या दिवशी तिथे होते. त्यांनी माझा डायग्राम पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘‘साहेब, यात प्रायव्हेट नंबर कुठंय?’’ दुसऱ्या दिवशी प्रत्येक आज्ञेला क्रमांक लागला, आणि तोच क्रमांक परत आणणारं उत्तर तेवढं ग्राह्य धरलं जाऊ लागलं.

यातून मी एक सवय लावून घेतली आणि ती तुम्हीही लावा. ज्या मेसेजला पोहोचायला वेळ लागतो त्याचा बाण तिरका काढा. नोटेशनमध्ये त्याला पूर्ण मुभा आहे. आडवा बाण ‘निघाला आणि लगेच पोहोचला’ असं डोळ्यांना सांगतो. तिरका काढला की दोन बाण एकमेकांना छेदतात का, हे लगेच दिसतं. मी ते बाण तिरके काढले असते तर ती फुली कागदावरच सापडली असती.

बाणाच्या टोकाकडेही लक्ष द्या. भरीव टोक म्हणजे पाठवणारा उत्तर येईपर्यंत थांबतो. उघडं टोक म्हणजे पाठवून पुढे जातो. तुटक रेषा म्हणजे उत्तर. पुष्कळ लोक हे सजावटीसारखं वापरतात. पण थांबणारा घटक म्हणजे अडकू शकणारा घटक. भरीव टोक काढलंत की त्याच्याशेजारी कमाल वेळ लिहिलाच पाहिजे, असा नियम मी टीममध्ये ठेवतो.

आता एक बारकावा, जो अनुभवी लोकांच्याही हातून सुटतो. डायग्राममध्ये वेळ वरून खाली जातो, हे खरं. पण ते एका लाइफलाइनपुरतं खरं. दोन वेगळ्या लाइफलाइनवरच्या घटनांमध्ये कुठली आधी आणि कुठली नंतर हे उंचीवरून ठरत नाही, त्यांना जोडणाऱ्या मेसेजवरून ठरतं. समजा नियंत्रक डाव्या दांडीला आणि उजव्या दांडीला खाली यायला सांगतो. चित्रात डाव्या दांडीची मोटर सुरू होणं वर दिसतं, उजवीचं खाली. म्हणून डावी आधी हलेल असं चित्र म्हणत नाही. नियंत्रकाने आधी डावीला मेसेज पाठवला, एवढंच ते म्हणतं. उजवीपर्यंतची तार जलद असेल तर उजवी आधी हलेल आणि तरीही ती डायग्रामला धरूनच असेल. क्रम महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ येणाऱ्या वाहनांच्या बाजूची दांडी आधी पडायला हवी असेल, तर तो क्रम मेसेजने बांधा: डावीचं ‘झालं’ आल्यावरच उजवीला सांगा.

याची उलटी बाजूही तेवढीच त्रासाची. एकाच लाइफलाइनवर क्रम बंधनकारक असतो. नियंत्रकाच्या रेषेवर डावीचं उत्तर वर आणि उजवीचं खाली काढलंत, तर ‘डावीचं आधीच यायला हवं’ अशी अट तुम्ही नकळत घातलीत. चाचणी लिहिणारा ती इमानदारीने तपासतो, उजवीचं उत्तर आधी आलं की चाचणी नापास करतो, आणि दोन विभागांत आठवडाभर पत्रव्यवहार चालतो. उत्तरं कुठल्याही क्रमाने चालत असतील तर ती ‘पार’ (पॅरलल, म्हणजे समांतर) या चौकटीत टाका.

आता वेळ. फाटक सिग्नलशी जोडलेलं असेल तर फाटक बंद आणि कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल सुटत नाही. पण उलट प्रवासाचं काय? सिग्नल दिला, गाडी जवळ आली आणि कुणी सिग्नल परत लाल केला, तर फाटक लगेच उघडू द्यायचं का? नाही. लोको पायलटने हिरवा सिग्नल पाहिलेला असू शकतो आणि ब्रेक लावूनही गाडी फाटकाआधी थांबेलच असं नाही. म्हणून ठरावीक वेळ कुलूप कायम राहतं. भारतीय रेल्वेत अशा कुलपासाठी १२० सेकंदांचा अवधी सर्रास वापरतात. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या वेळात सव्वातीन किलोमीटरहून जास्त अंतर कापते, म्हणजे तोवर ती एक तर थांबलेली असेल किंवा फाटक ओलांडून गेलेली असेल. हा अवधी सिक्वेन्स डायग्राममध्ये ‘सिग्नल लाल’ आणि ‘कुलूप मोकळं’ या दोन घटनांच्या मध्ये कंसाने दाखवता येतो. तो दाखवला नाही तर चित्रात दोन्ही बाण एकाखाली एक येतात, आणि कोड लिहिणारा ते एकामागोमाग लगेच करून टाकतो. त्याची चूक नाही, चित्रानेच त्याला तसं सांगितलेलं असतं.

वेळेच्या बाबतीत नवीन माणसाला मी थेरॅक-२५ चं उदाहरण आवर्जून सांगतो. कॅनडाच्या एईसीएल कंपनीचं हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा मिळाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या, काही रुग्ण दगावले. १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर इथे घडलेल्या दोन घटनांचं मूळ अगदी आपल्या विषयातलं आहे. तंत्रज्ञ पडद्यावर उपचाराचा प्रकार टाइप करी. एक्स-रेऐवजी इलेक्ट्रॉन हवं होतं हे लक्षात आलं की कर्सर वर नेऊन झटकन दुरुस्त करी. इकडे यंत्र चुंबक बसवत असे, त्याला सुमारे ८ सेकंद लागत. त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण यंत्रणेच्या दुसऱ्या भागापर्यंत पोहोचत नसे. नवशिक्या हातांना तेवढ्या वेगाने दुरुस्ती जमत नसे, म्हणून दोष लपून राहिला. हात सरावले आणि तो बाहेर आला. आधीच्या थेरॅक-२० मध्येही हाच सॉफ्टवेअर दोष होता, पण तिथे वेगळे हार्डवेअर इंटरलॉक होते, ते यंत्र बंद पाडत. थेरॅक-२५ मध्ये ते काढून टाकले होते.

हे कागदावर तीन लाइफलाइनमध्ये मावतं: तंत्रज्ञ, टर्मिनल, चुंबक बसवणारा भाग. चुंबकाच्या रेषेवर ८ सेकंदांची उभी पट्टी काढा आणि विचारा, या पट्टीच्या मधे तंत्रज्ञाकडून नवा बाण आला तर? लांब चालणाऱ्या प्रत्येक कामाच्या पट्टीवर हा प्रश्न विचारायचा. आणि माणसाची लाइफलाइन कधीही वगळायची नाही. माणूस शिकतो, वेग वाढवतो, कंटाळतो, एकच बटण दोनदा दाबतो. त्याचे बाण सगळ्यात अनियमित असतात आणि नेमके तेच लोक ‘वापरकर्ता’ असं एक काडीचं चित्र काढून संपवतात.

खोलीचं म्हणाल, तर मी दोन पायऱ्यांत जातो. पहिल्या पायरीवर तुमची संपूर्ण यंत्रणा एकच लाइफलाइन, बाकी सगळं बाहेरचं जग. आत काय आहे याचा उल्लेखही नाही. हा डायग्राम ग्राहकाला, डेपोच्या माणसाला, सुरक्षा तपासणाऱ्याला वाचता आला पाहिजे. दुसऱ्या पायरीवर ती एक लाइफलाइन उघडायची आणि आतले घटक दाखवायचे. अट एकच, बाहेरून येणारे-जाणारे बाण जसेच्या तसे राहिले पाहिजेत. आत गेल्यावर बाहेरचा एखादा बाण बदलावासा वाटला तर थांबा. पहिली पायरी चुकली असेल किंवा आतली रचना ग्राहकाला न विचारता काहीतरी ठरवू पाहत असेल.

दुसऱ्या पायरीवरचा प्रत्येक बाण इंटर्नल ब्लॉक डायग्रामवर, म्हणजे आतले भाग कसे जोडलेत त्या आकृतीवर, शोधून काढा. या दोन ब्लॉकमध्ये जोडणी आहे का, तिथे पोर्ट (जोडणीची जागा) आहे का, तो मेसेज त्या पोर्टच्या इंटरफेसमध्ये आहे का? बाण आहे पण तार नाही, अशी जागा हमखास निघते. ती सापडणं हीच त्या दिवसाची कमाई. तार आहे पण एकाही डायग्राममध्ये तिच्यावरून काही जात नाही, हेही विचारण्यासारखं आहे. एका पानावर सहा-सात लाइफलाइनच्या वर जाऊ नका. जास्त लागल्या तर तुकडा वेगळा काढून ‘रेफ’ (दुसऱ्या डायग्रामचा संदर्भ देणाऱ्या) चौकटीने जोडा. तुमच्या २६ मध्ये कितीतरी रेषा अशा असतील ज्यांवर एखाद-दुसराच बाण टेकतो. त्या तिथे नकोतच.

‘अल्ट’ (पर्याय), ‘लूप’ (पुनरावृत्ती), ‘ऑप्ट’ (ऐच्छिक भाग) या चौकटींचा मोह आवरा. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी एक, असं होऊ लागलं की तुम्ही चुकीच्या कागदावर आहात. सिक्वेन्स डायग्राम एक गोष्ट सांगतो: बरेच घटक, एक प्रसंग. सगळ्या शक्यता मांडायच्या तर एक घटक घ्या आणि त्याचा स्टेट मशीन डायग्राम काढा, म्हणजे तो कोणत्या मेसेजने कोणत्या स्थितीतून (स्टेटमधून) कोणत्या स्थितीत जातो याची आकृती. मी साधारण असं करतो: सुरळीत प्रसंगाचा एक डायग्राम, महत्त्वाच्या बिघाडांचे चार-पाच, आणि मग प्रत्येक मुख्य घटकाचं स्टेट मशीन. त्यानंतर प्रत्येक डायग्राम त्या स्टेट मशीनमधून बोटाने चालवून पाहायचा. एखादा मेसेज अशा स्टेटमध्ये आला की जिथे त्याचं काय करायचं ते लिहिलेलंच नाही, तर तो दोष पकडला गेला. ‘नेग’ चौकट, म्हणजे ‘असं घडू नये’, मी जवळजवळ वापरत नाही. वाचणारा घाईत ती चौकट पाहत नाही आणि नेमकं निषिद्ध तेच करून बसतो. निषिद्ध गोष्ट शब्दांत, रिक्वायरमेंट म्हणून लिहिलेली बरी.

या आकृतीचं मूळ दूरसंचारात आहे, हे लक्षात ठेवलं तर तिचा स्वभाव कळतो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या संवादांसाठी मेसेज सिक्वेन्स चार्ट वापरत. त्यांचं झेड.१२० हे मानक १९९० च्या दशकात आयटीयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, आणलं. १९९७ मध्ये यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची भाषा प्रमाणित झाली तेव्हा सिक्वेन्स डायग्राम त्यात होता. चौकटींची सगळी सोय २००५ च्या यूएमएल २.० मध्ये आली, आणि तीही बरीचशी त्या दूरसंचारी चार्टवरूनच. २००७ मध्ये सिसएमएल, म्हणजे यूएमएलवर आधारलेली सिस्टिम्सच्या कामाची भाषा, आली, तेव्हा यूएमएलच्या चार संवाद-आकृत्यांपैकी हीच एक ठेवली गेली. ज्या जगात मेसेज हरवणं रोजचं होतं, त्या जगाने ही आकृती घडवली. मोटरचा टॉर्क, केबलचं तापमान, बॅटरीत भरणारी ऊर्जा, असं सलग बदलणारं काही दाखवायला ती निरुपयोगी आहे. त्यासाठी पॅरामेट्रिक (समीकरणं मांडणारे) किंवा ॲक्टिव्हिटी (कामांचा प्रवाह दाखवणारे) डायग्राम आहेत.

साधनाचा फार विचार करू नका. मी आधी पांढऱ्या फळ्यावर काढतो, मग प्लांटयूएमएल या मजकुरातून आकृती काढणाऱ्या साधनात मजकूर म्हणून लिहितो, म्हणजे बदल झाला की कोणती ओळ बदलली ते दिसतं. फळ्यासमोर प्रत्येक लाइफलाइनला एक माणूस उभा करा. बसचा माणूस, चार्जरचा, सर्व्हरचा. मेसेज तोंडी द्यायला लावा, आणि मध्येच एकाला गप्प राहायला सांगा. बाकीचे काय करतात ते पाहा आणि लिहून घ्या.

आता तुमचा चार्जर. पहिल्या पायरीला चार रेषा घ्या: डेपोतला कर्मचारी, बस, चार्जर, डेपोचा सर्व्हर. सीसीएस या चार्जिंग मानकाच्या पद्धतीने होणाऱ्या डीसी चार्जिंगचा क्रम तुम्हाला माहीतच आहे: प्लग लावणं, संवाद जुळणं, प्लगचं लॉक, केबलच्या इन्सुलेशनची तपासणी, प्री-चार्ज करून दोन्हीकडचा व्होल्टेज जवळ आणणं, मग बसचे काँटॅक्टर (मोठे विद्युत स्विच) जोडणं, मग बस वारंवार करंट मागत राहते आणि चार्जर देत राहतो. हा एक डायग्राम. तो तुमच्याकडे झालेलाच आहे.

उरलेले असे काढा. करंट चालू असताना बसची मागणी येणं थांबलं: चार्जर किती वेळ वाट पाहणार, मग करंट शून्यावर कोण आणणार, आणि ते झाल्याचं बसला कसं कळणार? संवाद तुटलेला आहे, हे विसरू नका. दुसरा, सर्व्हरशी संपर्क तुटला: चार्जिंग चालू ठेवायचं की थांबवायचं? हा निर्णय तांत्रिक नाही, सकाळी बस सुटणार की नाही याचा आहे, म्हणून तो डेपोच्या माणसासमोर ठेवा. तिसरा, कर्मचाऱ्याने इमर्जन्सी स्टॉप दाबला, आणि तो नेमका प्री-चार्ज चालू असताना. चौथा, चार्जिंग संपलं, पण काँटॅक्टर उघडल्याची खात्री झालेली नाही आणि कर्मचारी प्लग ओढतोय: लॉक कुणाच्या शब्दावर सुटतं? आणि तो शब्द या वेळचा आहे, मागच्या सत्रातला नाही, हे चार्जरला कशावरून कळतं?

चौथ्यापासून सुरुवात करा.